जुना पीसी, मोजके पैसे आणि ओव्हरक्लॉकिंग : मदरबोर्ड कसा निवडाल?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणे, हे होस्टेलवर आता सगळ्यांना माहीत आहे. विषय निघाला की पहिली चर्चा होते प्रोसेसरची, दुसरी कूलरची. बिचाऱ्या मदरबोर्डकडे कोणी बघतच नाही! सदाशिव पेठेत टिळक रोडवरच्या दुकानात काउंटरमागून प्रश्न येतो, "बोर्ड कुठला देऊ?" आणि आपलं उत्तर ठरलेलं : "स्वस्तातला द्या." या उत्तरापायी पैसे कसे वाया जातात, ते जरा आकडेमोड करून पाहू.

आधी थोडा इतिहास. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ गुणिले गुणक. १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए मध्ये मूळ घड्याळ ६६ मेगाहर्ट्‌झचे आणि गुणक ४.५ होता, म्हणून वेग ३००. गुणकाला कुलूप होते, पण ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर मूळ घड्याळ १०० करता यायचे. १०० गुणिले ४.५ म्हणजे सरळ ४५०! नंतर एथलॉन एक्सपी २५००+ ची तीच गंमत : १६६ चे २०० केले, गुणक ११, की १८३३ चे २२०० मेगाहर्ट्‌झ. पण मूळ घड्याळ वाढले की त्याच्याशी बांधलेले पीसीआय आणि एजीपीसुद्धा वाढायचे आणि हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड रुसायचे. एनफोर्स२ चिपसेटच्या बोर्डवर हे दोन्ही वेग जागच्या जागी ठेवता यायचे, म्हणून त्या बोर्डांचा एवढा बोलबाला. म्हणजे बोर्ड तेव्हाही महत्त्वाचा होता.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलची सॅंडी ब्रिज पिढी आली आणि खेळाचे नियम बदलले. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचे झाले आणि पीसीआय एक्सप्रेस, साटा सगळे त्याच एका घड्याळाला बांधले गेले. ते १०३-१०५ च्या पुढे ढकलले की मशीन डगमगते, डिस्कवरचा डेटाही बिघडू शकतो. आता वाढवायचा तो गुणकच. आणि गुणक मोकळा फक्त नावापुढे 'के' असलेल्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ आय५-२५००के. तोही चिपसेटने परवानगी दिली तरच. पी६७, झेड६८, झेड७७ परवानगी देतात, एच६१ देत नाही. जुन्या प्रोसेसरसाठी बाजारात सहज आणि स्वस्त मिळतो तो नेमका एच६१! त्याच्यावर २५००के बसेल, चालेल, पण त्यातला 'के' कायमचा मुका राहील.

दुसरी सापडणारी वस्तू म्हणजे ऑफिसांतून निघालेल्या ब्रॅंडेड मशीनचा बोर्ड. त्यावर बहुधा क्यू मालिकेचा चिपसेट असतो. बायोसमध्ये गुणकाचा पर्यायच दिसत नाही, आणि अनेकदा पॉवरचा कनेक्टरही नेहमीचा नसतो. दणकट असतो, शंका नाही. पण आपल्या कामाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. परवानगी देणारा चिपसेट मिळाला तरी निवड संपत नाही. प्रोसेसरला लागते साधारण १.२ व्होल्ट आणि एसएमपीएस देतो १२ व्होल्ट. मधले रूपांतर करतो प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचा भाग, म्हणजे व्हीआरएम : मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये बक कन्व्हर्टर शिकलात ना, तोच हा. असे तीन-चार किंवा जास्त कन्व्हर्टर आळीपाळीने काम करतात, त्यांना फेज म्हणतात.

उदाहरण घ्या. २५००के चा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, कंपनीचा आकडा ९५ वॅट. सोयीसाठी व्होल्टेज १.२ धरू. आपल्याला ४.४ गिगाहर्ट्‌झ हवेत आणि त्यासाठी १.३२ व्होल्ट द्यावे लागतात असे समजा. शक्ती ही वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १.३३ पट, व्होल्टेज १.१ पट, त्याचा वर्ग १.२१. गुणाकार १.६१. म्हणजे ९५ चे झाले सुमारे १५३ वॅट. करंट काढा : आधी ७९ अँपियर, आता ११६. चार फेज असतील तर प्रत्येकीवर २० च्या जागी २९. मॉस्फेटच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुपटीहून थोडी जास्तच. वेग वाढला ३३ टक्के आणि व्हीआरएमची भट्टी दुप्पट! मॉस्फेट उघडेबोडके असतील तर ते तापतात, बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली ओढतो, आणि आपण म्हणतो "कूलर चांगला नाही वाटतं." कूलर बिचारा निर्दोष असतो.

म्हणून बोर्ड हातात घेतल्यावर खोक्यावरची जाहिरात वाचू नका, सॉकेटच्या डावीकडे आणि वर बघा. मॉस्फेटवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे का? चोक मोजा, त्यावरून फेजचा अंदाज येतो. प्रोसेसरच्या पॉवरसाठी ८ पिनांचा कनेक्टर असला तर उत्तम. ४ पिनांचा असेल तर माफक अपेक्षा ठेवा. कपॅसिटर घन प्रकारचे, म्हणजे सपाट धातूच्या डोक्याचे हवेत. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर बोर्डांचे कपॅसिटर फुगून फुटले होते. जुन्या बोर्डवर एखादा जरी फुगलेला दिसला तरी परत ठेवा.

सेकंडहॅंड घेताना आणखी दोन-तीन गोष्टी. एलजीए सॉकेटच्या पिना बोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, एक जरी पीन वाकलेली असली तरी त्या रांगेचे प्रतिबिंब तुटते. पी६७ घेत असाल तर लक्षात ठेवा की त्याला स्वतःचा डिस्प्ले नाही. ग्राफिक्स कार्ड नसेल तर काळा पडदा बघत बसाल. शिवाय ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने याच पिढीच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले होते : ३ गिगाबिटवाले साटा पोर्ट कालांतराने कमजोर होत. सुधारित आवृत्ती बी३. जुना पी६७ किंवा एच६७ असेल तर बी३ आहे ना, एवढे विचारा. झेड६८ नंतर आला, त्याला ही भानगड नाही. माझ्या मते कमी पैशांत साधलेला मध्य तोच, किंवा झेड७७.

दुकानात बोर्ड चालू करून, बायोसमध्ये गुणक बदलता येतो हे डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या. सगळे रॅम स्लॉट एकेक करून तपासा. बिलावर निदान काही दिवसांची हमी लिहून घ्या. तोंडी हमी पेठेत चालत नाही, आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी भिंतीवर असतेच. दुपारी एक ते चार जाऊ नका, हे सांगायला नकोच.

मग कोणी घ्यावा? तुमच्याकडे 'के' प्रोसेसर आधीच असेल आणि बोर्ड एच६१ असेल, तर जरूर बदला. आय५-२४०० सारखा साधा प्रोसेसर असेल तर पी६७ किंवा झेड मालिकेवर टर्बोच्या वर जेमतेम चार पायऱ्या मिळतात. त्यासाठी बोर्ड घेणे परवडत नाही, त्या पैशांत एसएसडी घ्या. आणि बोर्ड व प्रोसेसर दोन्ही घ्यायचे असतील तर मागे कशाला जायचे? २०१७ पासूनच्या एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये गुणक मोकळाच असतो. बी३५० किंवा बी४५० बोर्ड बघा, ए३२० नको.

फायदा किती, तेही प्रामाणिकपणे मोजा. २४ मिनिटांचे सिम्युलेशन ३.३ वरून ४.४ वर नेले तर फार तर १८ मिनिटांत होईल, तेही काम निव्वळ प्रोसेसरचे असेल तर. डिस्कची वाट बघणाऱ्या कामाला शून्य फायदा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या पिढीला अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा लिनक्सची तयारी ठेवा.

शेवटचे, खोलीच्या तापमानाचे. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर स्थिर दिसला तर खूश होऊ नका. फरक ४८ अंशांचा आहे. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की तोच प्रोसेसर ८६ वर जाईल. वेग एकेक गुणकाने वाढवा, प्रत्येक वेळी तासभर प्राइम९५ चालवा, आणि अंतिम आकडा ठरवा तो एप्रिलच्या दुपारी, पंखा चालू ठेवून. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यामुळे त्या चाचणीच्या वेळी रूममेटचा मॉनिटर त्याच यूपीएसवर लावू नका.