पारशी, फारशी आणि ‘प’

अहिल्यानगर

चि. बाळ यास,

मस्कतहून आलेले तुझे पत्र ताईने काल वाचून दाखविले. तुझ्या हाताखालचे अरब उमेदवार ‘पार्किंग’ला ‘बार्किंग’ म्हणतात, म्हणजे गाडी उभी करावयाच्या जागी भुंकू लागतात, आणि खोलीवर परतल्यावर तुम्ही मंडळी त्यांच्या नकला करून हसता, हा मजकूर तिला मोठा गमतीचा वाटला. मला, जन्मभर याच जिल्ह्यातील मुलांना इंग्रजी शिकविल्यामुळे असेल, तितकासा वाटला नाही.

अरबीत ‘प’ हा वर्णच नाही. तेव्हा बालपणी जो कानी पडला नाही तो जिव्हेने कोठून आणावा? त्याच्या शेजारचे ‘ब’ आणि ‘फ’ मात्र अरबीत आहेत, म्हणून इराणातील ‘पारस’चे अरबांनी ‘फारस’ केले, आणि त्यामुळेच आपल्या मराठीत तेथून आलेले लोक ते पारशी, पण तेथली भाषा ती फारशी, असा दुहेरी संसार आजतागायत चालू आहे.

आपण तरी काय केले? कायदा, तालुका, अर्ज हे मूळचे अरबी शब्द. त्यांतील कंठाच्या तळाशी घडणारे ध्वनी आपण बिनदिक्कत सपाट केले आणि त्यांवरच महसुली दप्तरे चालविली. हे शहर वसवून त्यास जुने नाव देणाऱ्या अहमद निजामशहाच्या नावातील घशातला ‘ह’ही येथे रुजला नाही, लोकांनी नुसते ‘नगर’ म्हणून तो प्रश्नच निकालात काढला.

आता तुझ्या स्वतःच्या ‘प’कडे वळू. इंग्रजाचा शब्दारंभीचा ‘प’ श्वासाचा झोत घेऊन येतो; आपला कोरडा असतो, कारण झोतासह उच्चारल्यास आपल्याकडे तो निराळाच वर्ण होऊन ‘पळ’चे ‘फळ’ होते. परिणामी खऱ्या इंग्रजाच्या कानास तुझा ‘पार्क’देखील कित्येकदा ‘बार्क’च भासेल!

‘इस्कूल’ म्हणणाऱ्या एका मुलास मी तरुणपणी भरवर्गात हसलो होतो. त्याने पुढे वर्षभर माझ्या तासाला तोंड उघडले नाही. तुला त्या पोरांना शिकवावयाचेच असेल, तर जेथे अर्थ बिघडतो तेवढेच सुधार, बाकीचे त्यांच्या मातृभाषेच्या खाती राहू दे. ओठांसमोर कागदाची चिटोरी धरून ‘पार्किंग’ म्हणावयास लाव. ती फडफडली पाहिजे. मात्र आधी स्वतः म्हणून पाहा, आणि चिटोरी जागची हलली नाही, तर नकलांचा कार्यक्रम तूर्त तहकूब ठेव.

येताना खजूर आण. मागच्या खेपेचा उत्तम होता.

तुझा,
मामा