गर्दीचा कारभार

चीनच्या सरकारने १९९९ साली राष्ट्रीय दिनाच्या रजेला आगेमागे येणारे शनिवार-रविवार जोडून १ ऑक्टोबरपासून सलग सात दिवसांची सुट्टी प्रजेला देऊ केली, तेव्हा लोकांनी घराबाहेर पडावे, प्रवास करावा, पैसा सैल हाताने खर्चावा आणि त्यायोगे मंदावलेल्या व्यापारउदिमास चालना मिळावी, असा तिचा उघड हेतू होता; आणि कोणत्याही सरकारी हेतूची याहून संपूर्ण फलश्रुती निदान माझ्या पाहण्यात नाही. मे महिन्यातली अशीच दुसरी सुट्टी काही वर्षे चालून २००८ पासून आखूड झाली. ऑक्टोबरचा हा ‘सुवर्ण सप्ताह’ मात्र टिकला, इतकेच नव्हे तर ज्या वर्षी शरदातला चंद्रोत्सव त्यात येऊन पडतो त्या वर्षी तो आठ दिवसांचा होतो. आणि २०१२ पासून या मुदतीत लहान मोटारींना महामार्गावरचा पथकरही माफ असल्यामुळे, जो घरी बसला असता तोही निघतो. आपल्याकडे गांधीजयंती आणि पुष्कळदा दसरा याच सुमारास येत असल्याने, चार दिवसांची रजा जोडून परदेशी जाऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबालाही हा सप्ताह मोठा सोयीचा दिसतो. दोन्ही देशांची सोय एकाच मुहूर्तावर जुळली म्हणजे गैरसोय कोणते रूप धारण करते, हे आम्ही शांघायला पाहिले, आणि तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांस त्यातला काही भाग उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही म्हणजे मी, माझी थोरली बहीण आणि भावोजी. भावोजींची उभी नोकरी कल्याण ते व्ही. टी. या लोहमार्गावर, तीही बव्हंशी उभ्यानेच गेलेली; लालबागच्या गणपतीची रांग, महालक्ष्मीची नवरात्रातली रांग, सहा डिसेंबरचे दादर, हे सर्व त्यांनी अनुभवलेले. त्यामुळे शांघायच्या गर्दीविषयी कोणी सावध करू लागले की ते स्मित करीत. हा आत्मविश्वास मुंबईकरांत सार्वत्रिक आहे, आणि माझ्या मते सुवर्ण सप्ताहात चीनला जाणाऱ्या मुंबईकराला खरा धोका संभवतो तो त्यापासूनच. कारण आपली गर्दी ही बहुतांशी स्वतःच स्वतःला वाट काढून देणारी असते. तीत खांदा लावण्याची, तिरपे घुसण्याची, मागे वळण्याची, ओळखीच्या खांबाला धरून उभे राहण्याची मुभा असते आणि या कला ज्याला अवगत आहेत तो तरून जातो. शांघायची गर्दी ही कारभारात घेतलेली गर्दी आहे. ती कोठून शिरावी, कोठे थांबावी, कोठून बाहेर पडावी, याचा बंदोबस्त आधी ठरलेला असतो, आणि त्या बंदोबस्तात व्यक्तीच्या कौशल्याला जागा ठेवलेली नसते.

नानजिंग मार्ग हा त्या शहराचा प्रमुख बाजाररस्ता. १९९९ साली त्याचा मोठा भाग वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला आणि २०२० साली ही राखीव वाट ह्वांगपू नदीच्या दिशेने थेट वायतानपर्यंत, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘बंड’ म्हणतात त्या नदीकाठापर्यंत, वाढविण्यात आली. या काठावर दीडेक किलोमीटरपर्यंत एकेकाळच्या परकीय पेढ्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि जकातघराच्या भव्य दगडी इमारती ओळीने उभ्या आहेत, आणि पैलतीरावर पुडाँगचे अलीकडचे मनोरे, त्यांत ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर, आकाश अडवून राहिले आहेत. दिवे लागल्यावर हा देखावा अपूर्व असतो, यात संशय नाही. मराठी माणसाने वायतानवरील हिरव्या निमुळत्या छपराच्या इमारतीकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. ती व्हिक्टर ससून यांनी १९२९ साली उभारली. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या घराण्याची स्मृती वागवितात तेच हे घराणे, आणि मुंबई बंदरातून चीनकडे गेलेल्या माळव्याच्या अफूचा त्याच्या संपत्तीत किती मोठा वाटा होता, हे त्या इमारतीच्या कमानीखाली उभे असता आठवल्यावाचून राहत नाही. उभे राहावयास मिळाले तर, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आमच्या सहल कंपनीने छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत १ ऑक्टोबरच्या सायंकाळपुढे ‘वायतान येथील रोषणाई, एक तास’ एवढाच मजकूर होता, आणि चुकामूक झाल्यास याच ससून इमारतीसमोर जमावे, अशी तोंडी सूचना होती. नानजिंग मार्गाने तेथवरचे अंतर नकाशावर जेमतेम दीड किलोमीटर. प्रत्यक्षात रस्त्याच्या पूर्ण रुंदीने माणसे पूर्वेकडे सरकत होती आणि प्रत्येक चौकात हिरव्या गणवेशातील सशस्त्र पोलिसांची खांद्याला खांदा लावलेली रांग आडवी उभी होती. शिट्टी वाजली की ती रांग दुभंगून दोन बाजूंस होई, काही शे माणसे पलीकडे जात, पुन्हा शिट्टी वाजली की रांग मिटे. आरडाओरड नाही, लाठी नाही, कोणी कोणास ढकलीत नाही. शिस्त इतकी की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. एका चौकात ही रांग मिटली ती नेमकी ताई आणि मी यांच्या मागे व भावोजींच्या पुढे.

ताई म्हणाली, “अरे, त्यांना म्हणावं आमचं एक माणूस राहिलंय. एकालाच तर सोडायचंय!”

“ताई, सांगू कोणाला, आणि कोणत्या भाषेत?”

पाठीमागून लोंढा येत असल्याने थांबता येईना. भावोजींनी मात्र आयुष्यभराच्या अभ्यासाप्रमाणे रांगेच्या टोकाला वळसा घालून येण्याचा बेत केला, आणि तेथील एका कोवळ्या पोलिसाने अत्यंत अदबीने त्यांना बाजूच्या गल्लीत वळविले. ती गल्ली केवळ परतीच्या लोकांसाठी राखलेली होती. तीत एकदा पाऊल पडल्यावर पुन्हा नदीकडे तोंड करण्यास मज्जाव. म्हणजे ते पश्चिमेकडे आणि आम्ही पूर्वेकडे, असे दोन प्रवाह आम्हांस वाहून नेऊ लागले. त्यांच्या फोनला चीनमध्ये चालेल असा डेटा घेतलेला नव्हता, कारण तिघांत एकाचा पुरे असे ठरले होते. ससून इमारतीसमोरचा संकेत निरर्थक ठरला, कारण तेथे क्षणभर रेंगाळले तरी पुढे चालण्याची खूण होई. नानजिंग पूर्व मार्ग हे भुयारी रेल्वेचे जवळचे स्थानक अशा सायंकाळी बंद ठेवतात आणि गाड्या तेथे न थांबता पुढे जातात. भोवतालचे रस्ते मोटारींना बंद असल्याने टॅक्सीचाही प्रश्न उरत नाही. आम्ही पायपीट करीत मध्यरात्रीच्या सुमारास मुक्कामी पोहोचलो, तर भावोजी आमच्या कितीतरी आधी येऊन दिवाणखान्यात बसलेले, आणि “तुम्ही कुठे गेला होतात?” हा प्रश्न उलट त्यांनीच संतापाने विचारला. ताईने सकाळी त्यांच्या खिशात बळेबळे घातलेले हॉटेलचे चिनी अक्षरांतले कार्ड त्यांनी एका पोलिसापुढे धरले होते, आणि त्याने चालू असलेल्या स्थानकापर्यंत त्यांना पोहोचविण्याची तजवीज केली होती.

हा बंदोबस्त जाचक वाटला तरी त्यामागची कारणे ज्याला ठाऊक आहेत तो त्याविषयी तक्रार करणार नाही. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री याच वायतानवर, चन यी चौकातून उंच बांधावर जाणाऱ्या पायऱ्यांवर, चढणारे आणि उतरणारे असे दोन लोट समोरासमोर आले आणि चेंगराचेंगरीत ३६ माणसे मृत्यू पावली. बहुतेक तरुण, कित्येक विद्यार्थी. नववर्षाचा रोषणाईचा कार्यक्रम त्या वर्षी तेथून दुसऱ्या जागी हलविण्यात आला होता, पण ही वार्ता पुष्कळांपर्यंत पोहोचलीच नव्हती. एलफिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ साली जे घडले ते ज्यांनी जवळून पाहिले त्यांस अधिक सांगावयास नको. दोन विरुद्ध प्रवाह एका अरुंद पायरीवर भेटू द्यावयाचे नाहीत, हे सूत्र शांघायच्या कारभाराने २०१४ च्या त्या रात्रीनंतर फार गांभीर्याने घेतलेले दिसते, आणि एकमार्गी गल्ल्या, बंद स्थानके, मानवी भिंती हा सगळा त्याचाच विस्तार आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, या सप्ताहात अशा ठिकाणी शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट निश्चित करावी. वाट म्हणजे नदीपासून दोन-तीन स्थानके दूर असलेले, चालू राहणार असे खात्रीने समजलेले भुयारी स्थानक. चुकामुकीचा संकेत प्रेक्षणीय जागी कधीही ठेवू नये. तो मुक्कामाच्या हॉटेलचाच असावा, आणि मध्येच शोधत फिरण्याचा मोह दोन्ही पक्षांनी टाळावा. प्रत्येकापाशी स्वतंत्र चालता फोन आणि चिनी लिपीतला पत्ता हवा. रोषणाई साधारणपणे रात्री दहाच्या सुमारास मालवते आणि त्या क्षणी सर्वजण एकदम परत फिरतात. तेव्हा ज्याला गुडघ्यांचा त्रास आहे त्याने तासभर आधीच निघावे. याहून उत्तम मार्ग म्हणजे तोच नदीकाठ पहाटे पाहणे. दिवे नसतात हे खरे, परंतु इमारती असतात, आणि त्याच पाहण्यास आपण गेलेलो असतो. ताईला हे मान्य नाही. तिच्या मते दिव्यांवाचून शांघाय म्हणजे फोर्टच.

दुसरी गोष्ट दस्तऐवजांची. संग्रहालय असो, मनोरा असो की आगगाडी असो, तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर आगाऊ निघते, आणि दारावर तेच पारपत्र मूळ स्वरूपात दाखवावे लागते. छायाप्रत दाखवून भागत नाही. पुष्कळ स्वयंचलित फाटके तेथील नागरिकांच्या ओळखपत्रासाठी बनविलेली असल्याने परकीयांना मनुष्य बसलेली खिडकी शोधावी लागते, आणि सुट्टीत ती खिडकी शोधण्यातच अर्धा तास जातो. आगगाडीची तिकिटे पंधरा दिवस आधी विक्रीस निघतात. सुजौ अर्ध्या तासाच्या आणि हांगजौ सुमारे तासाच्या अंतरावर असल्यामुळे ‘जाता जाता पाहून येऊ’ असा विचार मनात येतो, पण सप्ताहाचे पहिले दोन आणि अखेरचे दोन दिवस हे साऱ्या देशाच्या जाण्यायेण्याचे दिवस असतात, आणि त्यांत असा बेत आखणे मी कोणासही सुचविणार नाही. पैशाची चिंता हल्ली कमी झाली आहे, कारण आपले कार्ड तेथील अलीपे किंवा वीचॅट या ॲपांना जोडता येते. थोडी रोख बाळगावी, तीही सुटी.

यू उद्यानाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मिंग राजवटीतल्या पान युन्द्वान नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वृद्ध पित्यासाठी १५५९ साली आरंभिलेले हे उद्यान मुळात निवांतपणासाठी निर्मिले आहे. प्रत्येक वळणावर पुढचे दृश्य लपावे, चार पावलांवर निराळे जग दिसावे, अशी त्याची रचना. अरुंद वाटा आणि नागमोडी भिंती हेच त्याचे सौंदर्य, आणि तेच गर्दीत त्याचे वैगुण्य ठरते. बाहेरच्या बाजारातला नऊ वळणांचा पूल तर माणसांनी असा गच्च भरतो की वळणे मोजणे दूरच, खालचे पाणीही दिसत नाही. सप्ताहात तेथे दार उघडण्याच्या क्षणी जावे, अथवा जाऊच नये.

सुदैवाने हे शहर प्रसिद्ध स्थळांपुरते संपत नाही. सुट्टीत कचेऱ्या बंद असल्याने जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या चिनारांच्या सावलीचे आडरस्ते सकाळी आम्हांला जवळजवळ मोकळे मिळाले. फक्त वूकांग इमारतीचा चौक वर्ज्य करावा, कारण तेथे छायाचित्रे घेणाऱ्यांसाठीही बंदोबस्त ठेवावा लागतो. नानचांग आणि माओमिंग रस्ते मिळतात तेथे रवींद्रनाथांचा अर्धपुतळा आहे आणि त्याचे अनावरण २०१० साली आपल्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना केले होते. पुतळ्यासमोर आमच्याखेरीज कोणीच नव्हते, याचा भावोजींना फार आनंद झाला. हाँगकौ भागात चिनी लेखक लू शुन यांच्या नावाचे उद्यान आहे, तेथे त्यांची समाधी आहे, आणि सकाळी नृत्य-व्यायाम करणारे म्हातारे स्थानिक लोक आहेत. शाकाहाऱ्यांनी नानजिंग पश्चिम मार्गावरचे १९२२ साली स्थापन झालेले गुंगतलिन हे निरामिष उपाहारगृह ध्यानात ठेवावे, मात्र जेवणाची वेळ तासभर अलीकडे किंवा पलीकडे घ्यावी.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त मुद्दा. सलग सात दिवस रजा देता यावी म्हणून आसपासच्या काही शनिवार-रविवारांना कामाचे दिवस ठरविण्याचा तेथे शिरस्ता आहे, आणि दर वर्षीचे हे वेळापत्रक सरकार आधीच जाहीर करते. ज्यांना तारखा बदलता येत असतील त्यांनी ते वेळापत्रक पाहून विमानाचे तिकीट काढावे, आणि सुट्टी संपल्यावर पहिला जो शनिवार किंवा रविवार कामाचा म्हणून नोंदलेला असेल तो यू उद्यानासाठी आणि वायतानसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी हवा तीच असते, दिवे तेच असतात, आणि शांघायचे लोक कचेरीत असतात.