घर एक, विभाग तीन : उष्णता व गरम पाण्याची आखणी

थंड मुलखात नळकामाबरोबर घर गरम ठेवण्याचे कामही येते. इंग्लंडमध्ये हे काम करू इच्छिणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांसाठी तेथील ‘एस प्लॅन’ पद्धतीची माहिती आम्ही देत आहोत. आखणी चुकली तर ऐन हिवाळ्यात घर गारठते आणि भिंतीआड गेलेले पाइप पुन्हा काढण्याचा भुर्दंड कारागिरालाच बसतो.

पहिली पायरी हिशोबाची. भिंती, खिडक्या, छप्पर व फटींतून प्रत्येक खोलीची किती उष्णता बाहेर जाते ते काढावे. अंदाजाने मोठा बॉयलर घेऊ नये. तो सारखा चालू-बंद होऊन इंधन खातो.

दुसरी पायरी विभागांची. तेथील नियमांनुसार १५० चौरस मीटरहून मोठ्या घरात किमान दोन स्वतंत्र विभाग लागतात. समजा, तळमजल्याला ६ किलोवॅट व वरच्या मजल्याला ४ किलोवॅट लागतात. तिसरा विभाग गरम पाण्याच्या टाकीचा. प्रत्येक विभागाच्या पाइपवर मोटरचा एक व्हॉल्व्ह बसवावा. थर्मोस्टॅटने मागणी केली की व्हॉल्व्ह उघडतो आणि त्यातील स्विच पंप व बॉयलर सुरू करतो. सर्व व्हॉल्व्ह मिटले की बॉयलर बंद. त्यानंतरही पंप थोडा वेळ चालणार असेल, तर पाण्याला वाट म्हणून बायपास व्हॉल्व्ह ठेवावा.

तिसरी पायरी पाइपची. किलोवॅटला १४.३ ने गुणून जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरकाने भागावे. उत्तर मिनिटाला लिटरमध्ये येते. २० अंश फरक धरल्यास तळमजल्याला सुमारे ४.३ लिटर लागतात. त्याला १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप पुरतो. फरक १० अंश असेल तर पाणी दुप्पट लागते, मग पाइप २२ मिलिमीटरचा घ्यावा. २०२२ पासून नवी संपूर्ण यंत्रणा शक्यतो ५५ अंश वा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी आखावी लागते. म्हणून रेडिएटरही मोठे लागतात.

चौथी पायरी टाकीची. १५० लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ८.७ युनिट उष्णता लागते. टाकीला ९ किलोवॅट मिळाले तर हे काम तासाभरात होते. ३ किलोवॅटच्या विजेच्या कॉइलला तीन तास लागतात. टाकीतील पाणी ६० अंशांवर ठेवावे. कोमट पाण्यात लिजिओनेला हे घातक जंतू वाढतात. मात्र नळावर भाजू नये म्हणून मिश्रण व्हॉल्व्ह बसवावा.

शेवटी सुरक्षा. १० वरून ८० अंशांवर गेलेले पाणी सुमारे ३ टक्के फुगते. बंद यंत्रणेत त्यासाठी प्रसरण टाकी व ३ बारचा सुरक्षा व्हॉल्व्ह हवाच. गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ’ नोंदणी आणि दाबाच्या बंद टाकीला वेगळी पात्रता लागते. हाती हुन्नर असला तरी या कागदांशिवाय त्या कामाला हात लावू नये. हिशोबाचा कागद ग्राहकाला द्यावा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे तक्रार आलीच तर तोच कामी येतो.