वर्षभर घाम, शेवटी आराम: हे गौडबंगाल काय?

प्रश्न: माझा भाचा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’साठी वर्षभर पहाटे उठून कधी सायकल, कधी धावणं, कधी तरण तलाव असं त्याचं चालू होतं. आता स्पर्धा दोन आठवड्यांवर आली, तर पठ्ठ्यानं सराव निम्म्यावर आणलाय. शेवटचे दोन दिवस भाकरी आणि मटकीची उसळ बंद, नुसता भात लागेल, असं बहिणीला बजावून ठेवलंय. वर तलाव सोडून उजनीच्या पाण्यात पोहायला जायचं म्हणतो. आमच्या वेळी परीक्षा तोंडावर आली की रात्रीचा दिवस करायचो. इथं सगळं उलटंच कसं?
– एक वाचक, भवानीनगर (ता. इंदापूर)

उत्तर: मामा म्हणून तुमची काळजी रास्त आहे, पण भाच्याला आळस चढलेला नाही. तीनपैकी दोन गोष्टी तो अगदी बरोबर करतोय. तिसरीबद्दल मात्र त्याच्याशी दोन शब्द बोलायला हवेत.

आधी स्पर्धेचं माप

१.९ किलोमीटर पोहणं, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि तिच्यावरून उतरलं की २१.१ किलोमीटर धावणं. हे सगळं साधारण साडेआठ तासांत संपवायचं, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत. तिन्ही अंतरांची बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल. नावातला आकडा तिथून आला. बारामतीहून भिगवण, तिथून सोलापूर रस्त्यानं इंदापूर आणि परत बारामती हा त्रिकोण शंभर किलोमीटरच्या थोडा वर जातो. भाच्याला गोव्यात जवळजवळ तेवढी सायकल मारायची आहे, तीही समुद्रात पोहून आल्यावर आणि पुढे अर्धी मॅरेथॉन शिल्लक ठेवून.

पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते आणि तिला १७ तास मिळतात. पहिली झाली ती १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर. पंधरा जण उतरले, बारा पोचले, आणि पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तास लागले. आपल्याकडे २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत झुरिकची स्पर्धा पूर्ण केली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. पुण्याचे जलतरणपटू डॉ. कौस्तुभ राडकर यांनी ती अनेकदा केली आणि कित्येकांना शिकवली. बारामतीकरांना तर सतीश ननवरे यांच्या नावाआधी ‘आयर्नमॅन’ ऐकायची सवय आहे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ७०.३ पहिल्यांदा झाली ती २०१९ साली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींची ही जवळची वारी झाली आहे.

सराव कमी का?

व्यायामानं शरीर तयार होतं हे अर्धंच खरं. व्यायाम करताना शरीर झिजतं. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, साठलेलं इंधन संपतं. शरीर तयार होतं ते नंतरच्या विश्रांतीत, आणि त्याला वेळ लागतो. आज केलेल्या लांब, दमवणाऱ्या सरावाचं फळ हाती यायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रविवारी भाच्यानं शंभर किलोमीटर सायकल मारली, तर तिचा फायदा स्पर्धा उरकल्यावर मिळेल. थकवा मात्र त्याच्यासोबत मिरामारला येईल.

प्रत्येक सरावातून दोन गोष्टी निपजतात, क्षमता आणि थकवा. थकवा आठवड्या-दीड आठवड्यात ओसरतो. क्षमता बरीच सावकाश उतरते, तिला कित्येक आठवडे लागतात. या दोन वेगांमधल्या फरकात शेवटच्या पंधरवड्याचं सगळं गणित आहे. सराव कमी केला की थकवा भराभर खाली जातो, क्षमता जवळजवळ तशीच राहते, आणि वर्षभर थकव्याखाली दबलेली ताकद वर येते.

तुम्ही भवानीनगरचे, म्हणजे ‘छत्रपती’ साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्यांच्या शेजारचे. तोडणीआधी पंधराएक दिवस उसाचं पाणी तोडतात. तेव्हा कोणी शेतकऱ्याला आळशी म्हणत नाही. उसाची वाढ झालेली असते. आता पाणी दिलं तर वजन दिसेल, पण साखर उतरणार नाही. भाच्याचंही तेच चाललंय.

याला खेळाडू ‘टेपर’ म्हणतात, आणि यात अंदाजपंचे काही नाही. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा लोराँ बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये घेतला. सर्वाधिक फायदा कुठे दिसला? साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी केलं, पण वेग आणि आठवड्यातले सरावाचे दिवस तेवढेच ठेवले, तिथे. म्हणून भाचा घरी बसत नाही, निम्मा सराव करतो. दोन तासांच्या जागी एक तास, पण त्या तासात दोन-चार मिनिटांचे जोरकस तुकडे. ते सोडले तर पाय सुस्तावतात.

टेपरनं कामगिरीत दोन-तीन टक्क्यांची भर पडते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सात तासांच्या स्पर्धेत दोन टक्के म्हणजे आठ मिनिटं आणि तीन टक्के म्हणजे बारा. मुदतीच्या काठावर धावणाऱ्याला एवढ्यात पदक मिळतं किंवा हुकतं.

तुमच्या परीक्षेच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवतं. रात्री धावलेलं सकाळी फक्त दुखतं.

एक सूचना मात्र. या दिवसांत तो चिडचिडा होईल. गुडघा दुखतोय, घसा धरलाय, पाय जड झालेत अशा तक्रारी करील. रोज दोन तास दमायची सवय लागलेल्या माणसाची ताकद रिकामी राहिली की तो स्वतःच्या अंगात खोट शोधत बसतो. बहुतेक तक्रारी आपोआप जातात. ताप असेल किंवा एकाच जागी टोचणारी वेदना असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

भाकरीऐवजी भात का?

आपल्या स्नायूंत आणि यकृतात पिष्टमय पदार्थांचं इंधन ग्लायकोजेनच्या रूपात साठलेलं असतं. सगळं मिळून साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी. सहा-सात तासांच्या मेहनतीला ते पुरत नाही. म्हणून टाकी काठोकाठ भरून निघायचं आणि वाटेत थोडं थोडं घालत राहायचं. ही टाकी खाण्यानं फुगवता येते, हे १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासून दाखवलं.

आज जाणकार सांगतात ते असं: शेवटचे दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे रोज १० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ. ६५ किलोच्या माणसाला ६५० ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातून मिळतात २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या भातावर भागवायचं तर दोन किलोंहून जास्त भात खावा लागेल. म्हणून जोडीला पोहे, बटाटा, केळी, गूळ, शिरा असं वाटून घ्यायचं. इंदापूरच्या केळ्यांना हा सन्मानाचा प्रसंग समजा.

भाकरी आणि उसळ उत्तमच. पण त्यात चोथा भरपूर, आणि धावताना तोच पोटात गडबड करतो. वर्षभर जो चोथा हवा, तोच दोन दिवस नको. या दिवसांत त्याचं वजन किलो-दीड किलोनं वाढलं तरी घाबरू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आणि गोव्याच्या उन्हात त्याचाही उपयोग होतो.

स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, हा सगळ्यात जुना नियम. जी जेल, जे खजूर, जे मीठ-साखरेचं पाणी सरावात पचलंय, तेच. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक. घामातून मीठ जातं आणि वरून फक्त पाणी भरलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरतं. ही स्पर्धा पुष्कळदा दिवाळीच्या आगेमागे येते, तेव्हा फराळाचा डबा मागे ठेवा. गोव्यातली मासळीची थाळीही पदक गळ्यात पडल्यावर.

उजनीतच का?

तरण तलावात तळाला काळी रेघ असते, पंचवीस मीटरवर भिंत असते, पाणी नितळ असतं. समुद्रात यातलं काही नाही. दिशा ठेवायला दर सात-आठ हातांमागे डोकं वर काढून बोया शोधावा लागतो. शेजाऱ्याचा पाय तोंडावर बसतो, लाट नाकात जाते. चांगला पोहणाराही पहिल्या दोनशे मीटरांत घाबरतो, ते यामुळे. घाबरला की श्वास तुटतो आणि श्वास तुटला की हात चालत नाहीत. तेव्हा उघड्या पाण्याची ओळख आधी असणं गरजेचंच. भाच्याचा विचार इथपर्यंत बरोबर आहे.

पण उजनी जपून. पावसाळ्यानंतर भरलेला हा जलाशय ११७ टीएमसीचा आहे. त्याच्या पोटात जुनी गावं आहेत, झाडांचे बुंधे आहेत, काठाला गाळ आहे आणि मध्ये मासेमारांची जाळी. वारा सुटला की इथलं पाणी तळ्यासारखं वागत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, हे इंदापूर तालुका विसरलेला नाही. शिवाय भीमेतून येणाऱ्या पाण्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणीही असतं. स्पर्धेआधी दहा दिवस पोट बिघडलं किंवा कान दुखायला लागला, तर वर्षाची मेहनत पाण्यात.

म्हणून त्याला सांगा: जायचंच तर याच आठवड्यात, एकदा, सकाळच्या शांत पाण्यात, काठाकाठानं. सोबत ओळखीच्या मासेमाराची नाव, कमरेला रंगीत बोया, डोक्याला भडक टोपी. एकटं तर कधीच नाही. नीरा डाव्या कालव्याचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक म्हणावं. घसरडे काठ, ओढ आणि दरवाजे, तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही चालत नाही. याहून बरा मार्ग म्हणजे दोन-तीन दिवस आधी गोव्याला पोचून आयोजकांच्या देखरेखीखाली समुद्रातच हात मारून घेणं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं आणि काखेत, मानेला कातडी सोलवटते. व्हॅसलीन कुठे लावायचं हेही तिथेच कळतं.

लवकर पोचण्याचा आणखी एक फायदा. बारामतीचं ऊन कडक पण कोरडं. घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. गोव्यात हवा दमट, घाम नुसताच निथळतो, अंग तापलेलंच राहतं. उन्हाला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून आता त्यानं छोटी धाव पहाटेऐवजी उन्हात घेतली तर हसू नका. आणि पहिल्या तासात घरच्यापेक्षा हळू जा, असं त्याला आत्ताच बजावा.

घरच्यांनी काय करावं?

सायकलची चेन, ब्रेक, टायर आत्ताच तपासून घ्यायला सांगा. नवे बूट, नवी सीट बंद. गळीत हंगामाची सुरुवात असेल तर पहाटेच्या धुक्यात सायकल नको. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि टायरगाड्या रस्त्यावर असतात, त्यातल्या कित्येकांच्या मागे दिवा नसतो आणि रस्त्यावर ऊस सांडलेला असतो. या दिवसांत घरातल्या ट्रेनरवर सायकल चालवलेली बरी.

झोपेचं म्हणाल, तर आदल्या रात्री ती कोणालाच धड लागत नाही आणि त्यानं फारसं बिघडतही नाही. त्याआधीच्या आठवड्यातली झोप महत्त्वाची. तेव्हा या पंधरवड्यात त्याला लग्नं, जागरणं आणि ‘जरा एवढं उचलू लाग रे’ यातून सुटी द्या.

आणि तुम्ही स्वतः गोव्याला जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धावण्याचा मार्ग फेऱ्यांचा असतो. शेवटच्या रेषेवर गर्दीत उभं राहण्यापेक्षा मधल्या एखाद्या वळणावर थांबा, भाचा एकाहून जास्त वेळा दिसेल आणि त्याला गरजही तिथेच असेल. मात्र मामाचं प्रेम उतू गेलं म्हणून त्याच्या हाती पाण्याची बाटली द्यायची नाही, की शेजारून पळायचं नाही. नियमानं बाहेरची मदत चालत नाही आणि त्यापायी स्पर्धक बाद होऊ शकतो. नाव घेऊन ओरडायला मात्र काही मर्यादा नाही.