सगळे संगणक एकसारखे असले तर बिघडतं कुठे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सगळ्या संगणकांवर एकच ऑपरेटिंग सिस्टीम आणि एकच अँटिव्हायरस आहे. देखभाल सोपी जाते. तरीही सॉफ्टवेअरमध्ये विविधता हवी, असं तज्ज्ञ का म्हणतात?

उत्तर : देखभाल सोपी जाते हे खरं, पण हल्लेखोराचं कामही तितकंच सोपं होतं. सॉफ्टवेअरच्या सगळ्या प्रती हुबेहूब सारख्या असतात, त्यामुळे एकीत सापडलेली फट प्रत्येकीत असतेच. जानेवारी 2003 मध्ये ‘स्लॅमर’ हा वर्म मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या अशाच एका चुकीवर पसरला. ही चूक दुरुस्त न केलेल्या यंत्रांपैकी बहुतेक त्याने दहा मिनिटांत गाठली. दुसऱ्या कंपन्यांचे डेटाबेस असलेल्या यंत्रांत त्याला शिरताच आलं नाही.

हल्ला नसतानाही असं घडतं. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजसाठी सदोष अपडेट पाठवलं. प्रोग्रामकडे 20 नोंदी येत होत्या, तो एकविसावी वाचायला गेला आणि कोसळला. जगभरातल्या सुमारे 85 लाख यंत्रांवर निळा स्क्रीन आला. भारतातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मॅक आणि लिनक्सची यंत्रं चालूच होती.

म्हणूनच इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या मुळाशी असलेले रूट सर्व्हर 12 संस्था मिळून चालवतात. त्यांत बाइंड, एनएसडी अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरली जातात. एकात दोष निघाला, तरी बाकीचे काम सांभाळतात.

मात्र नाव वेगळं म्हणजे आतला माल वेगळा, असं समजू नका. क्रोम, एज आणि ब्रेव्ह हे तिन्ही ब्राउझर क्रोमियमवरच उभे आहेत. शिवाय जितके प्रकार वाढतील तितकी अपडेटची कामंही वाढतात. अपडेट न केलेलं वेगळं सॉफ्टवेअर हाही धोकाच.

तुमच्यासारख्या छोट्या संस्थेने सगळं बदलायची गरज नाही. खात्यांचा बॅकअप नेटवर्कपासून तोडलेल्या, वेगळ्या प्रणालीच्या यंत्रावर ठेवा. अपडेट आधी एका संगणकावर करून बघा, मग बाकीच्यांवर. आणि त्या बॅकअपवरून खाती खरोखर उघडतात का, हे याच महिन्यात तपासा.