हातानें उतरविलेलें चित्र

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरचें जुनें चित्र गेलें. चोरीस नव्हे, ओलीनें. पणजीच्या वेळेपासून माजघरांत टांगलेली ती रविवर्म्यांची शकुंतला वैतरणेच्या खाडीवरील दमट हवेनें आधींच पिवळी पडली होती. यंदा कागदास बुरशी आली आणि चेहऱ्याचा भाग कांचेस चिकटून फाटला. आजी हळहळली. तेव्हां पुस्तकांत पाहून तेंच चित्र हातानें उतरवावें असें मुलीनें मनांत घेतलें व आम्हांस सल्ला विचारला. तिला जें सांगितलें तें इतरांसही उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

हें चित्र घरोघर आलें कसें, तें प्रथम पाहूं. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचीं तैलचित्रें राजवाड्यांत व धनिकांच्या दिवाणखान्यांत असत. सामान्य माणसास तीं दिसणेंही कठीण. म्हणून त्यांनीं १८९४ मध्यें मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एकेका रंगासाठीं निराळा दगड तयार करून तोच कागद त्या सर्व दगडांवर छापावयाचा, अशी ती रीत होती. १९७२ मध्यें मळवलीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. तेव्हां तेथून नवी प्रत मागविण्याची सोय उरली नाहीं. संगणकावर छापलेली प्रत आज सहज मिळते हें खरें. परंतु विकत घेणाऱ्यास चित्र एकदां पाहिलें कीं पुरतें. उतरविणाऱ्यास तें शंभरदां पाहावें लागतें, आणि मूळ ग्रंथ निदान एकदां वाचावा लागतो.

वाचण्याचें काय कारण, असें कोणी विचारील. या चित्रांत शकुंतला सखीच्या खांद्यावर हात टेकून उभी आहे. एक पाऊल उचललेलें आहे, जणूं ती कांटा काढीत आहे. पण मान मागें वळलेली आहे. आमच्या विद्यार्थिनीनें जो पहिला कच्चा आराखडा केला त्यांत हात, पाय, झाडें सर्व सुरेख साधलें होतें. मात्र शकुंतलेची नजर तिनें खालीं, पायावर आणून ठेविली. विचारतां ती म्हणाली, "सर, कांटा काढणारं माणूस पायाकडेच बघणार ना?" उत्तर तर्कशुद्ध होतें! आम्हीं कांहीं न बोलतां तिला शाकुंतलाचा मराठी अनुवाद दिला. पहिल्या अंकाच्या शेवटीं आश्रमाकडे परततांना शकुंतला पायांत दर्भाचा अंकुर बोंचल्याची व वल्कल झुडुपांत अडकल्याची सबब सांगून थबकते. दुसऱ्या अंकांत दुष्यंत विदूषकाला तीच हकीकत सांगतो. बोंचणें हें निमित्त, मागें पाहणें हें खरें काम. आठ दिवसांनीं मुलीनें आराखड्यांतले डोळे खोडून नवे काढले.

त्याच नाटकाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत स्वतःच शकुंतलेचें चित्र काढतो, आणि मग त्यास आठवतें कीं कानावरचें शिरीषाचें फूल राहिलें, कमलतंतूंची माळ राहिली, मालिनी नदी राहिली. काढूं लागल्यावांचून काय राहिलें तें कळत नाहीं, हें कालिदासास चांगलें ठाऊक होतें. आपल्या पालघर-डहाणूकडील वारली कुटुंबांत लग्नाच्या वेळीं भिंतीवर चौक काढतात, त्यास ते चौक 'लिहिणें' म्हणतात. हा शब्द आम्हांस फार आवडतो.

आतां कृति. पुस्तकांतील चित्रावर पेन्सिल टेकूं नये. वर पारदर्शक कागद ठेवून त्यावर चौरस आखावे. समजा, चित्र ६ इंच रुंद व ८ इंच उंच आहे. अर्ध्या इंचाचे चौरस केल्यास रुंदींत १२ व उंचींत १६, एकूण १९२ होतात. मोठ्या कागदावर दीड इंचाचे तितकेच चौरस आखले कीं चित्राची रुंदी १८ व उंची २४ इंच होते. मग जी रेषा ज्या चौरसांत जेथून शिरते तेथूनच ती शिरवावी. चेहऱ्यापाशीं चौरस आणखी बारीक करावे, नाहींतर नाक व ओंठ शेजाऱ्यांसारखे भांडूं लागतात. जलरंगांत फिके थर आधीं द्यावे, कारण गडद रंग मागाहून फिका होत नाहीं. तैलरंगांत सावल्यांपासून आरंभ केलेला बरा.

नक्कल म्हणजे हलकें काम, असें पालकांनीं समजूं नये. अजिंठ्याच्या भिंतींवरील जातककथांचीं चित्रें रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून उतरविलीं. त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळालीं. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तें काम पुन्हा हातीं घेतलें. त्यांच्याही पुष्कळ प्रती १८८५ मध्यें लंडनमध्येंच आगीनें नष्ट झाल्या. ज्या उरल्या, त्यांचें मोल मूळ चित्रें झिजत चालल्यामुळें वाढतच आहे.

परंतु नक्कल ती नक्कलच. एका प्रदर्शनांत (कोठल्या, तें सांगत नाहीं) अशा चित्रास स्वतंत्र कल्पनेचें बक्षीस मिळालेलें आम्हीं पाहिलें. टाळ्या वाजत असतां मुलगा मान खालीं घालून उभा होता. त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. म्हणून चित्राच्या पाठीवर 'राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून' असें प्रथम लिहावें व त्याखालीं आपलें नांव आणि साल.

शकुंतलाच घ्यावी असें नाहीं. किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) या पुस्तकांत महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचीं चित्रें आहेत, आणि त्यांतील गोष्टी म्हणजे आपल्या वारांच्या कहाण्याच होत. कहाणी आजीच्या तोंडून ऐकावी व चित्र उतरवावें. या दोन्ही चित्रकारांच्या निधनास साठांहून अधिक वर्षें लोटल्यामुळें कायद्याची आडकाठी नाहीं; हयात चित्रकाराची मात्र अनुमति घ्यावी.

चित्र मढवितांना कांच व कागद यांमध्यें पुठ्ठ्याची कडा अवश्य ठेवावी, म्हणजे कागद कांचेस चिकटत नाहीं. चौकटीमागें कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावल्यास भिंत व चित्र यांत हवा खेळते.

आमच्या विद्यार्थिनीची शकुंतला आतां जुन्या खिळ्यावर नाहीं, समोरच्या कोरड्या भिंतीवर आहे. आजी म्हणते, आधीचीपेक्षां ही जरा सांवळी वाटते. मुलगी म्हणते, पांढरा रंग संपत आला होता.