चाकांच्या खुर्चीसाठी सुटा उतार : निवड आणि वापर

चाकांची खुर्ची घरात येते, परंतु घराबाहेर पडण्याचा प्रश्न तिच्या येण्याने सुटत नाही. गोव्यातील जुनी घरे चिऱ्याच्या उंच जोत्यावर उभी आहेत. पावसाचे पाणी आणि ओल घरात शिरू नये, हा त्यामागील हेतू. जोत्याच्या त्या तीन-चार पायऱ्या धडधाकट माणसाच्या ध्यानीमनीही नसतात. अर्धांगवायू झालेल्या वृद्धास किंवा पाय गमावलेल्या तरुणास मात्र त्याच पायऱ्या जगाची सीमा ठरतात. दोघांनी खुर्चीसकट उचलून खाली उतरविणे हा आजवरचा उपाय. तो उचलणाऱ्याच्या पाठीला घातक, आणि बसणाऱ्याच्या मनाला त्याहून अधिक.

पक्का बांधीव उतार हाच यावरील खरा इलाज होय. परंतु घर भाड्याचे असते, अंगण सामाईक असते, किंवा रस्ता दारापर्यंत आलेला असतो. अशा ठिकाणी उचलून नेता येणारा सुटा उतार, ज्यास बाजारात रॅम्प म्हणतात, तो उपयोगी पडतो. मात्र तो नीट मोजमाप न करता आणला तर सोयीऐवजी अपघातास निमंत्रण मिळते.

पायऱ्यांची उंची मोजून बेरीज करणे ही मोजमापाची रूढ रीत आहे. ती फसवी आहे. पाणी वाहून जावे म्हणून अंगणास ढाळ दिलेला असतो. उताराचे खालचे टोक पायरीपाशी नव्हे, तर चार-पाच मीटर पुढे टेकणार असते आणि तेथील जमीन आणखी खाली गेलेली असते. म्हणून वरच्या जमिनीच्या पातळीपासून दोरी ताणावी, पाणसळ लावून ती समतल करावी आणि टोक जेथे टेकावयाचे तेथे दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने हेच काम अधिक अचूक करतो.

उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे १:१२ हे प्रमाण, सर्वत्र मान्य आहे. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर होते. तीस ५४० सेंटिमीटर लांबी लागते. अंगणाच्या ढाळामुळे आणखी ५ सेंटिमीटरची भर पडली, तर हीच लांबी ६०० सेंटिमीटर होते. हा आकडा ऐकून बहुतेक कुटुंबे थबकतात आणि निम्म्या लांबीची फळी घेऊन येतात. त्याचा परिणाम काय होतो, हे साध्या हिशेबाने कळते. खुर्ची व व्यक्ती यांचे मिळून वजन ९० किलो धरल्यास १:१२ च्या उतारावर सुमारे साडेसात किलोचा जोर सतत लावावा लागतो. १:८ वर ११ किलो, १:६ वर १५ किलो, आणि १:४ वर तो २२ किलोपर्यंत जातो. चाकांचे घर्षण यात धरलेले नाही. तेवढाच जोर उतरताना खुर्ची रोखून धरण्यासाठीही लागतो, ही गोष्ट सहसा विसरली जाते. मदतनीस असल्यास १:६ पर्यंत चालेल, असे अनेक उत्पादक सांगतात. मदतनीस सशक्त असेल तर ते खरे. सत्तरीतील पत्नीने पतीची खुर्ची ढकलावयाची असेल, तर ते प्रमाण कागदावरच ठीक. १:४ चा उतार केवळ रिकामी खुर्ची चढविण्यासाठी समजावा. स्वतःच्या हातांनी चाके फिरवून जाणाऱ्या व्यक्तीसाठी १:१२ मध्ये सवलत नाही.

प्रकार तीन-चार आहेत. केवळ उंबरठा अडत असेल, तर पाचरीच्या आकाराचा ठोकळा पुरतो. ५ सेंटिमीटरच्या उंबरठ्यास ६० सेंटिमीटर लांबीचा. गावचा सुतारही तो करून देऊ शकतो, आणि या कामासाठी परदेशी वस्तू मागविण्याचे काहीच कारण नाही. एक-दोन पायऱ्यांसाठी पेटीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची फळी सोयीची. दीड मीटरपर्यंतची फळी एक माणूस उचलतो, तीन मीटरच्या फळीस दोघे लागतात. एकमेकींत सरकणाऱ्या दोन पन्हळींची जोडी स्वस्त आणि हलकी असते, परंतु दोन्ही पन्हळी चाकांच्या अंतराइतक्या व समांतर ठेवाव्या लागतात. मागून ढकलणाऱ्याला मधल्या मोकळ्या जागेतून, बहुधा पायऱ्यांवरूनच, चालावे लागते. तीन चाकांच्या वाहनाचे मधले चाक तर त्यांत बसतच नाही. घरी रोज वापरावयाचे असल्यास अखंड पृष्ठाची फळी निवडणे अधिक शहाणपणाचे.

रुंदी ठरविताना खुर्चीची बैठक न मोजता चाकांबाहेरच्या हातकड्यांसह पूर्ण रुंदी मोजावी. साधी खुर्ची ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असते. फळीवर त्याहून थोडी अधिक मोकळी जागा हवी आणि दोन्ही कडांना चाक घसरू नये इतका उंच काठ हवा. भारक्षमता पाहताना व्यक्ती, खुर्ची आणि मदतनीस या तिघांची बेरीज करावी. ७० किलोची व्यक्ती, २० किलोची खुर्ची व ६५ किलोचा मदतनीस मिळून १५५ किलो होतात. विजेवर चालणारी खुर्ची एकटीच १०० किलोची असू शकते. पन्हळींच्या जोडीवर लिहिलेला आकडा एका पन्हळीचा की दोहोंचा, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे. प्रत्यक्ष वापरापूर्वी तांदळाची ५० किलोची चार पोती फळीच्या मधोमध ठेवून ती किती वाकते ते पाहावे. मात्र लिहिलेली क्षमता २०० किलोहून कमी असेल तर पोती त्या मर्यादेतच ठेवावीत.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, लाकडास वाळवी लागते. ॲल्युमिनियम टिकते, पण त्यास साधे लोखंडी बोल्ट लावले तर जोडाशी झीज सुरू होते; बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते, त्यामुळे फळीचे खालचे टोक टेकावयाची जागा खरवडून स्वच्छ ठेवणे आवश्यक. लाकडी फळीस रंग देताना तो ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरावी, म्हणजे पकड येते.

फळी मांडताना वरची ओठासारखी पट्टी समतल जमिनीवर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे आणि साखळीने किंवा खिळीने जखडली पाहिजे. चाकाच्या धक्क्याने फळी मागे सरकणे हे अपघाताचे नेहमीचे कारण आहे. दार आधीच उघडून ठेवावे. उतारावर खुर्ची थांबवून कुलूप काढीत बसणे धोक्याचे. वर खुर्ची वळविण्यास दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा हवी. दोन्ही बाजूंस सोपे असलेल्या अरुंद बाल्कांवात ती बहुधा मिळत नाही. अशा घरी मागच्या किंवा बाजूच्या दाराचा विचार आधी करावा.

चढताना व्यक्तीचे तोंड वरच्या दिशेस आणि मदतनीस मागे. उतार तीव्र असेल तर उतरताना खुर्ची उलटी न्यावी: व्यक्तीची पाठ खालच्या दिशेस, मदतनीस तिच्या मागे, खालच्या अंगास. दोन्ही वेळी मदतनीस खालच्याच बाजूस असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. सरळ तोंडाने उतरविल्यास पायाची पाटी तळाशी जमिनीस अडते आणि व्यक्ती पुढे फेकली जाते. उतारावर वळू नये, मध्ये रेंगाळू नये. पहिल्या खेपा रिकाम्या खुर्चीने कराव्यात.

सार्वजनिक इमारतींची गोष्ट वेगळी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ११ अन्वये सर्व मतदान केंद्रे सुगम असणे बंधनकारक आहे. कलम १६ शाळांच्या इमारतींविषयी तेच सांगते. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कलम ४५ ने नियमांच्या अधिसूचनेपासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले, म्हणजे ती सर्वसाधारण मुदत २०२२ मध्येच संपली. त्यामुळे शाळा, पंचायत घर किंवा आरोग्य केंद्र यांनी सुट्या फळीवर कायमची भिस्त ठेवणे योग्य नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाचा पर्याय होता. तरी रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांबरोबर मत देण्याची इच्छा ज्यास असेल, त्याच्यासाठी शाळेच्या दाराशी उतार असलाच पाहिजे.

पक्के बांधकाम होईपर्यंत सुटी फळी वापरावयाची असल्यास ती कोठीत कुलूपबंद ठेवू नये. पुष्कळ कार्यालयांत वस्तू असते, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. कार्यालय उघडताच फळी मांडावी. ते शक्य नसेल तेथे बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, पायऱ्यांच्या खालीच, घंटेचे बटण बसवावे आणि फळी मांडण्याची जबाबदारी कोणाची, ते त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहावे.